भिंतीवरचा फोटो कापसात

अहो,

आल्याबरोबर रिकामी भिंत बघून भडकू नका. भागाअक्कांचा फोटो मीच काढून चहाच्या खोक्यात ठेवलाय. पिंपळनेरहून त्यांच्या आईचं तिसरं पत्र आलं, "मनी पोरनं तोंड माले एकदाव दखाडा." म्हातारीला दिवसेंदिवस कमी दिसतंय. टपालात काच फुटेल म्हणून तुम्ही चार महिने टाळलंत. आता फुटणार नाही. काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात, चारी बाजूंनी कापूस दाबून भरलाय. टोचायला नको म्हणून सरकी एकेक वेचून काढली. खोकं हलवून बघा. आवाज आला तर अजून कापूस घाला, मग वरून जुनं धोतर शिवून पोस्टात द्या. झाकण ठोकलेलं नाही, तुम्हाला एकदा बघायचं असेल.

मेलेल्या सवतीलासुद्धा घरात राहू दिलं नाही, असं लोक म्हणतील. तुम्ही म्हणू नका. त्यांच्या नावाचा चांदीचा टाक लग्नापासून माझ्या गळ्यात आहे. नवं लुगडं आधी त्यांना दाखवते, मगच नेसते.

मी दोन दिवस वरणगावला माहेरी जातेय. भाकरी टोपलीत आहेत.

फोटो गेल्यावर त्यांची आठवण आली, तर माझ्या गळ्याकडे बघत जा. त्या निमित्तानं तरी बघाल.

कुंदा