धाकट्याचं सांगायचं राहिलं

माय, तुला हे वाचता येणार नाही. जिवंत होतीस तेव्हाही येत नव्हतं, आणि मी मोठ्याने वाचून दाखवलं असतं तरी तुला ऐकू आलं नसतं. लहानपणीच्या तापात तुझे कान गेले आणि कानांच्या मागोमाग बोलणंही गेलं, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं होतं. देगलूरकडच्या त्या गावात तुला सगळे मुकी म्हणत, आणि तुला ते ऐकू येत नाही म्हणून तुझ्या तोंडावरही म्हणत. तरी हे तुलाच लिहून राहिले, कारण गेल्या वर्षी मी परदेशातून एक गोष्ट शिकून आले आणि ती दाखवायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. इथं लातूरच्या घरात सून आहे, नातू आहे. आजी आफ्रिकेत राहून आली म्हणून दोघं कौतुकानं सगळ्यांना सांगतात. कुणी विचारलं, काय शिकलात तिकडं, तर मी सांगते, मक्याची उकड करायला शिकले. लोक हसतात आणि विषय संपतो.

उकड शिकले हे खोटं नाही. तीस वर्षं लातूरला मुलींना शिवणकाम शिकवून मी निवृत्त झाले, मग तुझा जावई गेला, आणि नुसतं बसून राहणं अंगावर यायला लागलं. बरोबर काम केलेल्या एका बाईंनी सांगितलं की केनियात बहिऱ्या मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथं दीड वर्षासाठी शिवण शिकवणारी बाई हवी आहे, पगार नाही, राहणं-जेवण आणि विमानाचं तिकीट संस्था बघेल. मुलगा म्हणाला, "या वयात कुठं परदेश लावलाय, आई? इथंच क्लास काढ की." मी ऐकलं नाही. बहिऱ्या मुलींची शाळा म्हणून, तुझी आठवण होऊन गेले असं लिहायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या शाळेनं बोलावलं असतं तर तिथंही गेले असते. तुझी आठवण मला तिथं जाऊन झाली, आणि ती काही सुखाची झाली नाही.

तिथं माती लाल. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एकीत मुली झोपायच्या, एकीत पायाची सहा मशिनं. पाणी पावसाचं, टाकीत साठलेलं. एका बादलीत अंघोळ करायची आणि तेच पाणी धुण्याला वापरायचं, कोळशाची शेगडी फुंकर न घालता पेटवायची, उकड उभ्यानं लाकडी पळीनं घोटायची, हे सगळं महिनाभरात जमलं. न ठरवता शिकले ते वेगळंच. माणसाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, हादरा पायाला कळतो. पाठीशी उभं राहून बोलायचं नाही. उजेडाकडे तोंड करून बसायचं, म्हणजे समोरच्याला आपला चेहरा दिसतो. मुलींनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव ठेवलं: नाकावरून घसरलेला चष्मा बोटानं वर सारायचा, ती मी. पहिले आठ दिवस मी हातांनी "सुई ओवा" म्हणायच्या जागी भलतंच काहीतरी म्हणत होते आणि सगळा वर्ग मशिनीवर डोकं टेकवून हसत होता. काय म्हणत होते ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

स्वयंपाक करणारी बाईही बहिरी. तिला काही विचारलं की ती पळी बाजूला ठेवायची, फडक्याला हात पुसायची आणि मग उत्तर द्यायची. उत्तर लांबलं तर खाली उकड लागायची. मुली करपलेलं खायच्या, कुणी कुरकुर करायचं नाही, कारण तिला बोलायचं होतं हे सगळ्यांना कळायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी ताट खाली ठेवलं. माय, तुझे हात कधी रिकामे होते? भाकरी, शेण, धुणं, निंदणं, दळण. तू कधी काम सोडून हात वर केलेस की आबा खेकसायचे, "आता काय झालं हिला?" आम्ही तुझं तोंड दिवसभर पिठात बुडवून ठेवलं आणि वर म्हणत राहिलो की हिला बोलता येत नाही.

माझे हात तिथं लवकर चालायला लागले. इतर देशांतून आलेल्या बायकांना वर्ष लागायचं ते मला तीन महिन्यांत यायला लागलं. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा मला समोर बसवून विचारलं, तुझ्या घरी कुणी बहिरं होतं का? त्या स्वतः बहिऱ्या, त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. मी नाही म्हणाले. का म्हणाले ते अजून नीट सांगता येत नाही. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही घरात कसं बोलायचा. आपल्या घरी खुणा होत्या तरी किती? पाणी, भूक, पाऊस, दुखतंय, ये, जा. मी म्हणजे हनुवटीवरचा तीळ. माझ्या पाठचा धाकटा म्हणजे डोक्यावरचा भोवरा, टाळूवर बोट गरागरा फिरवलं की तो.

धाकटा नांदेडला वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागला तेव्हा वीस वर्षांचा होता. दर पंधरा दिवसांनी यायचा, आणि येताना तुला न विसरता शेव आणायचा. मी तेव्हा लग्न होऊन लातूरला आले होते. आठवतं ते असं, की मी दारात चप्पल काढून राहिले आणि काका मला आत येऊ न देता अंगणातूनच परत गोठ्याकडे नेतायत. टेम्पोनं उडवलं होतं त्याला. दोन दिवस नांदेडच्या दवाखान्यात होता, काका उशाशी होते. अग्नी तिथंच गोदावरीच्या काठावर दिला, घरी आणलं नाही. आबा गव्हाणीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "आनलं असतं तर तिनं पाह्यलं असतं. तिला कसं सांगावं बाई? बोलून रडायला तोंड न्हाई तिला. आतल्या आत मरंल ती."

काका म्हणाले, "तूच सांग तिला, पोरगं कामासाठी लई लांब गेलंय म्हनून. तुझं आयकती ती."

मी सांगितलं. टाळूवर बोट फिरवलं, हात लांब आभाळाकडे नेला आणि मग तळवा छातीकडे ओढला: लांब गेलाय, येईल. तू मान हलवलीस आणि चुलीकडे वळलीस. एवढं सोपं गेलं ते.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. दहावं नांदेडलाच उरकलं. चुलत भावानं पाणी दिलं होतं, त्याचे केस वाढेपर्यंत तो आपल्या दारात फिरकला नाही. सांत्वनाला येणाऱ्या बायकांना काकू वेशीतूनच आपल्या घरी वळवायची. सगळ्यांत वाईट पोळ्याचा दिवस. धाकट्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. अख्ख्या भावकीत कुणाच्या चुलीवर कढई चढली नाही. आपल्या घरी चढली, कारण ती चढली नसती तर तू ओळखलं असतंस. मी पुरण वाटलं, भजी तळली, बैलांच्या शिंगांना बेगड लावली. आबांनी पुरणाच्या पोळीचा एक घास घेतला आणि बैलांना नैवेद्य दाखवून येतो म्हणून उठले ते अंधार पडेपर्यंत आलेच नाहीत. तू आनंदात होतीस. शेजारपाजारचे लोक आपल्या कढईचा वास घेत काय म्हणाले असतील ते म्हणोत, मला त्या दिवशी आपण सगळे माणसातून उठलो असं वाटलं.

आणि दिवाळीला तू माझ्याकडे टेप मागितलीस. धाकट्याला शर्ट शिवायचा होता. मी लातूरहून कापड आणलं, तू त्याचा जुना शर्ट पुढ्यात टाकलास, आणि मी शिवला. पुढच्या वर्षी तू खांद्याला दोन बोटं वाढवून दाखवलीस. आता भरला असेल तो. त्याच्या पुढच्या वर्षी पोटाला सैल ठेवायला सांगितलंस, आणि हसलीस. आठ वर्षं मी मेलेल्या भावाचे शर्ट शिवले, काज-बटणासकट, आणि त्याच्याकडे धाडते असं तुला दाखवून लातूरला आणून देऊन टाकले. एक माझ्या नवऱ्यानं घातला तर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. आठव्या वर्षानंतर तूच गेलीस. आबा म्हणाले, "बरं झालं, तिला कळलं न्हाई." मीही तेच म्हणाले.

केनियातल्या त्या शाळेत बारा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे काज करायला शिकत होती. एके दुपारी वसतिगृहाच्या बाई आल्या आणि तिच्या हातातली कात्री काढून ठेवली. तिला बाकावर उजेडाकडे तोंड करून बसवलं, स्वतः समोर बसल्या. आणि सांगितलं: तुझी आई. आजारी होती. काल मेली. बस. लांब गेली नाही, देवाकडे गेली नाही, काही नाही. मुलीनं विचारलं, जवळ कोण होतं? बाईंनी सांगितलं, मावशी. तिनं विचारलं, आईला अंघोळ कुणी घातली? मी गेल्यावर मला जागा दाखवतील का? तिनं जे जे विचारलं त्याचं उत्तर तिला मिळालं, आणि मग ती रडली, संध्याकाळपर्यंत रडली, आणि जेवली. मी टाकीच्या मागं जाऊन बसले होते. बाई मला शोधत आल्या. त्यांना वाटलं मला ते फार निर्दयी वाटलं. त्यांनी हातांनी एवढंच म्हटलं: नसतं सांगितलं तर सुट्टीत घरी जाऊन ती आईला खोल्याखोल्यांतून शोधत बसली असती.

काका दोन दिवस उशाशी होते, माय. त्यांनी त्याला चमच्यानं पाणी पाजलं होतं. तू विचारलं असतंस तर हे सगळं तुला सांगता आलं असतं.

पुढच्या सहामाहीत एका मोठ्या मुलीचा भाऊ नदीत बुडाला. बाई त्या दिवशी तालुक्याला गेल्या होत्या आणि मुलीला न्यायला तिचे मामा दारात येऊन उभे. कुणीतरी सांगायला हवं होतं. मी तिच्या हातातलं कापड बाजूला ठेवलं, तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि सांगितलं. ती माझ्या कमरेला मिठी मारून रडली आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिले. नंतर सगळे म्हणाले, किती नीट सांगितलंस. परक्या मुलीला, परक्या देशात, तिच्या भावाचं मी चार खुणांत सांगितलं. मला ते जमतं म्हणून माझी तिथं वाहवा झाली, माय. निरोपाच्या दिवशी त्याबद्दल मला एक कापडी पिशवीही दिली.

परत आल्यापासून हे लिहीन लिहीन म्हणत होते. लिहून झालं की मशिनीच्या खणात ठेवीन, सून तो खण उघडत नाही. पण आतापर्यंत मी लिहिलंय ते सगळं असं लिहिलंय की जणू आपल्याकडे सांगायला खुणाच नव्हत्या, आणि तू कधी विचारलं नाहीस. आबा गेले तेही हेच धरून गेले. हे खरं नाही. तुझ्या शेवटच्या वर्षी, संक्रांतीच्या मागेपुढे, आपण दोघीच अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. तू हातातल्या शेंगा खाली ठेवल्यास, पदराला हात पुसलेस आणि माझ्यासमोर सरकून बसलीस. टाळूवर बोट फिरवलंस. मग पालथा हात उताणा केलास, कोंबडी मेली, म्हातारा बैल मेला, तुझी माय मेली, तेव्हा करायचीस तसा. आणि भुवया वर करून माझ्याकडे बघत राहिलीस. मला हातही हलवावा लागणार नव्हता, नुसती मान खाली केली असती तरी पुरलं असतं. मी ती आडवी हलवली. तू बराच वेळ बघितलंस आणि मग शेंगा पुढ्यात ओढल्यास.

तू आतल्या आत मरशील अशी भीती मला त्या वेळी वाटली नव्हती. तीनची लातूर गाडी होती, माय. हो म्हटलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी माझी रजा नव्हती. गाडी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.