दुर्बीण आता कुठे वळवू?

प्रिय दादा,

पत्र तुला आहे, पण ऐकायला समोर शनिवारची रांग बसली आहे. मराठी मंडळाच्या गच्चीचा जिना चढून ज्यांनी तुझ्या दुर्बिणीला डोळा लावला, ती ही माणसं. कुणी हिमायतनगरचे, कुणी नारायणगुड्याचे, कुणी सिकंदराबादहून बस बदलून आलेले. या सगळ्यांचं दुखणं एकच आहे आणि ते मी तुला मोठ्यानं सांगणार आहे: आमचं आकाश आम्हाला न विचारता भाड्यानं दिलं गेलं!

तुला जाऊन आज वर्ष झालं. वर्षभरात मी तुला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा भाबडेपणा आहे, असं मीच सभासभांतून सांगत आले. मग आज का? कारण येत्या एक तारखेपासून गच्चीच्या दाराला जाहिरात कंपनीचं कुलूप लागणार आहे. तिथे मोठी पाटी उभी राहील, पाटीवर पेजरची जाहिरात असेल आणि त्या जाहिरातीवर रात्रभर झगझगीत दिवे असतील. सह्या झाल्या आहेत. मी हरले, दादा. माझं हरणं मध्ये न बोलता ऐकून घेणारा तू एकटाच होतास.

आठवतं? रेल्वेच्या सिग्नल खात्यातून घरी आलास की चहा अर्धा टाकून तू बाल्कनीतल्या त्या पिंपाभोवती फिरायला लागायचास. पिंपावर एक जाड गोल काच पक्की बसवलेली, तिच्यावर तशीच दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी आणि खरखरीत पूड. वरची काच पुढे-मागे घासायची, जराशी वळवायची, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायची. महिनेच्या महिने!

"वन्सं, एवढ्या प्रदक्षिणा यांनी मारुतीला घातल्या असत्या ना," वहिनी म्हणायच्या, "तर आत्तापर्यंत साहेब झाले असते."

"मारुती काच खोलगट करून देत नाही," तू काच घासता घासताच म्हणायचास.

वरची काच हळूहळू उथळ बशीसारखी खोल होत गेली. मग तिला बारीक पुडीनं झळाळी आणलीस. अॅल्युमिनियमचा मुलामा चढवायला ती शहराबाहेरच्या त्या छोट्या कारखान्यात न्यायची होती, पण तुला कुठला धीर! कोरी काच तशीच नळीत बसवलीस आणि बाल्कनीतून चंद्राकडे रोखलीस. अंधुक होता, पण कडा सुरीसारखी. "दिसतोय," म्हणालास. एवढंच! मी तुझ्या जागी असते तर अख्ख्या गल्लीला भाषण दिलं असतं. म्हणून तर तू मला लाउडस्पीकर म्हणायचास.

आणि शनिवार! सूर्य बुडाला की तू गच्चीवर बादल्या ओतायचास. दिवसभर तापलेल्या सिमेंटवरून गरम हवा उठते आणि ताऱ्यांना थरथर सुटते, म्हणून. काच तासभर आधी बाहेर आणून ठेवायचास, तिला बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून.

"तुमच्या काचेला गार हवा लागते, मला नाही लागत?" वहिनी खालून ओरडायच्या. आणि मग स्वतःच वर येऊन बसायच्या.

प्रश्न दर शनिवारी तेच. तू मात्र पहिल्यांदाच ऐकल्यासारखी उत्तरं द्यायचास. "किती पट मोठं दिसतं हो?" हा पहिला. त्यावर तू वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरायचास. कणकेचा गोळा तेवढाच असेल तर पोळी किती मोठी लाटाल? लाटत गेलं की ती पातळ होते आणि शेवटी फाटते. चित्राचंही तसंच. मोठं करणं सोपं आहे, त्यासाठी डोळ्याजवळचं भिंग बदललं की झालं. आधी उजेड भरपूर जमवायला हवा. तो जमवते तळाची काच. ती जेवढी रुंद, तेवढा जास्त उजेड तिच्यावर पडतो, आणि ती तो सगळा एका बिंदूकडे परत पाठवते. वाटेत एक छोटा आरसा तो वळवून बाजूच्या भोकातून तुमच्या डोळ्यात सोडतो. संपली दुर्बीण!

"चंद्रावर लावलेला झेंडा दिसतो का?" नाही. जगातल्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. "फोटोत रंग असतात, इथं सगळं राखाडी का?" कारण फोटो तासन् तास उजेड साठवतो आणि डोळा साठवत नाही. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. "मला तर काहीच दिसत नाही!" कसं दिसेल, आत्ता तर रस्त्यावरून आलात. जरा अंधारात बसा, डोळा उघडू द्या.

खालच्या गल्लीतले शिंपी, आपले करीमभाई, दर वेळी एकच विचारायचे. "क्या साब, आपका चांद उल्टा कायकू टंगा?"

"उप्पर-नीचे जमीन पे होता, करीमभाई. आसमान में कायका उप्पर?"

"तो फिर मेरा बिल का मीटर भी उल्टा दिखा दो, साब. कम तो होयेंगा!"

करीमभाई आज इथे पहिल्या रांगेत आहेत. हसताहेत आणि डोळे पुसताहेत.

आता माझा राग ऐक. वर्षभर साठवलाय.

समोरच्या इमारतीवर शीतपेयाच्या बाटलीची पाटी लागली, तेव्हा दक्षिण गेली. अफझलगंजच्या बाजूला आडवा पसरणारा वृश्चिक दिसेनासा झाला. मी म्हटलं, "दादा, मी बोलते. नगरपालिकेवर मोर्चा नेते." तू काय म्हणालास? "अगं, पाटी त्यांच्या जागेत आहे. आपण जरा पश्चिमेकडे वळू." आणि दुर्बीण फिरवलीस.

मग पश्चिमेला काचेच्या दुकानांची ती इमारत उभी राहिली, कपाळावर रंगीत टीव्हीची जाहिरात घेऊन. मृगातला तो धूसर ढग, ज्यात नवे तारे जन्मतात म्हणून तू लोकांना सांगायचास, तो धुऊन गेला. मी पुन्हा उसळले. तू पुन्हा म्हणालास, "उत्तर आहे ना अजून." आणि दुर्बीण फिरवलीस!

का रे? कशाची भीती होती तुला? शहरात दुकानं आली, फोन आले, विदेशी माल आला. मी त्याला सरसकट शिव्या देत नाही. पण उजेड विकणाऱ्याला आमचा अंधार फुकट मिळाला, आणि तू त्याला एकदाही 'नाही' म्हणाला नाहीस. एकेक दिशा सोडत गेलास आणि त्याला समजूतदारपणा म्हणालास. तुझ्यासारखी सज्जन माणसं दुर्बीण फिरवत राहिली, म्हणून आज वळवायला दिशाच उरली नाही.

तुझ्यानंतर शनिवार मी चालवला. वाईट चालवला. मी चंद्र लावेपर्यंत तो नळीतून निघून जायचा आणि मी इतिहास सांगत बसायची. "आपा, भाषण नक्को," करीमभाई म्हणाले, "शनी दिखाओ."

आणि मग मंडळाची सभा. मी उभी राहिले. तुला माहीत आहे मी कशी बोलते. अर्धा तास बोलले. मग सचिव नारायणराव उठले, शांतपणे.

"सुधाताई, बोलता फर्मास. पण काल वाचनालयात किती जण आले सांगू? मी, शिपाई आणि पंखा."

"म्हणून छप्पर विकायचं?"

"विकत नाही हो, भाड्यानं देतोय. माझा नातू मराठी पाटी एकेक अक्षर लावून वाचतो. पुस्तकांना वाळवी लागलीय, शिपायाचा पगार थकलाय. पुस्तकं राखायची का तारे? पुस्तकं संपतील. तारे कुठे जातात?"

तारे कुठे जातात! टाळ्या पडल्या, दादा. नारायणराव दुष्ट नाहीत. तेही आपल्यासारखंच काहीतरी बुडताना बघताहेत आणि हाताला लागेल ते विकून ते वाचवताहेत. हात वर झाले. माझ्या बाजूनं वर झालेले हात एका रिक्षात बसले असते. आज समोर बसलेल्या तुम्हा लोकांपैकी कितीतरी जण मंडळाचे सभासद आहेत. त्या दिवशी कुठे होतात?

आता ते सांगते, जे वहिनींनी सांगायला लावलंय. मी टाळणार होते. पण सकाळी त्या म्हणाल्या, "सांगा सगळ्यांना, वन्सं. नाहीतर उद्या कुणीतरी यांच्या कामाला नावं ठेवील."

खंडेनवमीला तू दर वर्षी दुर्बिणीच्या नळीला हळदकुंकू लावू द्यायचास आणि काचेकडे जाऊ द्यायचा नाहीस. "धूळ बसली तरी चालेल, हात लावायचा नाही." का, ते तू वहिनींना कधी नीट सांगितलंस का? रांगेतल्या परक्यांना कणकेपासून सगळं समजावलंस, आणि घरच्या माणसाला फक्त हुकूम!

तू गेल्यानंतरची पहिली खंडेनवमी. वर्षभर सण करायचा नव्हता. पण हत्यारं बिनधुतली कशी ठेवायची? विळी धुतली, तुझे पाने-पकडी धुतल्या. मग वहिनींनी नळीचे स्क्रू काढले, काच बाहेर घेतली आणि देवाची भांडी घासतात तशी चिंच आणि राख लावून घासली. मायेनं, कोपऱ्यान् कोपरा. मी पोचले तेव्हा ती पाटावर होती, वर ताजं फूल. वहिनींचा चेहरा कसा उजळला होता!

"बघा वन्सं, कशी निघाली! किती वर्षांचा थर होता. आता तर आरपार दिसतंय."

आरपार दिसत होतं, दादा. काचेखालची पाटावरची रांगोळी दिसत होती. मुलामा चिंच-राखेबरोबर निघून गेला होता. तिन्हीसांजेला त्यांनी स्वतःच डोळा लावला आणि विचारलं, "सगळं काळं का?" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"हात लावू नको म्हणायचे," त्या म्हणाल्या. "का ते नाही म्हणाले कधी."

मुलामा पुन्हा चढतो. तू दर काही वर्षांनी चढवून आणायचास. मी काच गोधडीत गुंडाळून त्या कारखान्यात गेले. फाटकाला गंज होता. पानटपरीवाला म्हणाला, बंद झाला, बाहेरून तयार माल स्वस्त येतो. दुकानांत विचारलं तर चकचकीत खोकी पुढे केली. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र, त्याखाली शेकडो पटींची बढाई आणि आत शिंक आली तरी हलणारी तिपाई. तुझी पोळी! लाटून लाटून फाटलेली. "जुनं कशाला दुरुस्त करता मॅडम, नवीन घ्या." हे वाक्य आता या शहराच्या वेशीवर कोरायला हरकत नाही.

लोक मला धीर देतात. म्हणतात, दादा वरून बघत असतील. एका वर्षी शनीचं कडं दिसेनासं झालं होतं, तेव्हा तू लोकांना म्हणाला होतास की ते गेलेलं नाही, त्याची फक्त धार आपल्याकडे आहे, पुन्हा दिसेल. तुझ्याबद्दल मला तसं म्हणता आलं असतं तर! पण मी तुझीच बहीण. जे दिसत नाही ते दिसतं म्हणणार नाही. तू नाहीस. वरून कुणी बघत नाही. बघायचं ते आपणच, खालून, आणि आता तेही बंद होतंय.

काल संध्याकाळी वहिनी आणि मी काच तशीच कोरी नळीत बसवली आणि गच्चीवर नेली. का, ते विचारू नकोस. कदाचित नळी रिकामी बघवेना. ताऱ्यांवर रोखून पाहिली, काही नाही. मग चवथीची कोर नळीत घेतली.

दिसली, दादा. कोऱ्या काचेवरून जेवढा उजेड परत येतो तेवढ्यात दिसली. अंधुक, पण कडा सुरीसारखी. चौफेर झगमगाट असूनही. तुझ्या बाल्कनीतल्या त्या पहिल्या संध्याकाळी होता, तसाच चंद्र.

वहिनींनी डोळा काढला नाही किती तरी वेळ. मग म्हणाल्या, "दिसतोय." अगदी तुझ्यासारखं.

यानं काही बदलत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. एक तारखेला कुलूप लागेल. तू उत्तरेला दाखवायचास ती देवयानीतली दीर्घिका या गच्चीवरून पुन्हा कुणाला दिसणार नाही. रांगेतली आजची मुलं मोठी झाल्यावर त्यांना आपण काय गमावलं, हेसुद्धा कळणार नाही. पण तुला एक वचन देते. यापुढे मी दुर्बीण फिरवणार नाही. कंपनीची माणसं येतील तेव्हा ती गच्चीच्या मधोमध उभी असेल, मी तिच्याशेजारी असेन, आणि तू आयुष्यभर जे म्हणाला नाहीस ते 'नाही' त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागेल. मग खुशाल उचलून बाजूला ठेवा आम्हा दोघींना.

आणि समोर बसलेल्यांनो, आज पंचमी आहे. येत्या शनिवारी अष्टमीचा अर्धा चंद्र दिवेलागणीला बरोबर डोक्यावर असेल. कुलपाआधीचा तो शेवटचा शनिवार. टाळ्या नकोत, हळहळ नको. शनिवारी दिवे लागायच्या वेळी जिना चढा आणि रांगेत उभे राहा.

तुझी लाउडस्पीकर,
सुधा