बाबांच्या कॉम्प्युटरचा पंखा

दादा,

बाबा घरात नाहीत. मी शोधायला निघालेय. तू आलास की घरीच थांब आणि दार उघडं ठेव. फोन ते टेबलावरच विसरलेत, आणि घरचा रस्ता त्यांना आता आठवत नाही.

काल तू त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा घरघरणारा पंखा बदललास. मीसुद्धा म्हटलं, सुटलो एकदाचे! पण ऑफिसच्या सवयीने ते मशीन बंद केल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत. घरघर थांबली की मी स्वयंपाकघरातून धावायचे आणि त्यांना दारातच गाठायचे. आज थांबलेलं काही ऐकूच आलं नाही.

जुना पंखा कचऱ्यात टाकलायस, तो काढून ठेव. बाबा सापडले तर तोच परत बसव.