भय्यासाहेबांचं फिडल

मी, सुमन दिगंबर मुळ्ये, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. उलट हे लिहू नकोस म्हणून मुलगा रुचिरच मागे लागला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव रुचिरला. फ्लॅट भाड्याने दिल्यास भाडेकरूला रियाजाची मनाई करू नये.

२. स्वरलिपीच्या सतरा वह्या माझी विद्यार्थिनी इशिता हिला. लाल खुणा माझ्या आहेत, चुकाही माझ्याच.

३. व्हायोलिनबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. ते माझे वडील भय्यासाहेब फणसे यांचं. मी आणि धाकटा भाऊ जयंत, म्हणजे जयू, दोघं त्या एकाच वाद्यावर शिकलो. मी मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून राग वाजवायचे. जयू उभ्याने, हनुवटीखाली धरून, वरातीत आणि टावर चौकातल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती त्याने घासून सपाट केली होती. तशाने दोन तारा एकदम वाजतात आणि नाचणाऱ्यांना जोर चढतो. मी नवी घोडी बसवून घेतली आणि वाद्य कपाटात कुलुपात ठेवलं. "हे व्हायोलिन आहे. तुला फिडल पाहिजे तर बाजारातून आण," असं पाहुण्यांसमोर त्याला म्हणाले.

"ताई, लकडी तर तीच आहे ना," एवढंच तो बोलला.

भय्यासाहेब मात्र माझ्या हातात असो की त्याच्या, त्याला फिडलच म्हणायचे.

४. मार्च १९९१ मध्ये भय्यासाहेब माझ्या घरी अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी म्हणाले, "सुमन, जयूला बोलाव. एकदा फिडल ऐकव म्हणावं." मी शेजाऱ्यांकडून नुसता 'ये' असा निरोप धाडला. जयू तासाभरात धावत आला. त्याचं वाद्य दुरुस्तीला होतं, म्हणून त्याने माझ्या कपाटातलं हेच व्हायोलिन मागितलं. चार दिवसांनी माझी रेडिओची स्वरपरीक्षा होती, तारा नव्या होत्या. मी त्याला दारातच सांगितलं, "ते झोपलेत. त्यांनी नाही, मीच बोलावलं होतं. फिर कभी ये."

आत जाऊन वडिलांना सांगितलं, "जयू नाही आला. कुठे तरी पार्टीत वाजवायला गेलाय."

"असू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. परीक्षा मी पास झाले.

५. तेहेतीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. गेल्या महिन्यात जयूच्या घरी जाऊन सांगितलं. त्याने त्याच वर्षी वाजवणं सोडून फोटोकॉपीचं दुकान टाकलं होतं. धंदा बसला असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "मला वाटायचं भय्यासाहेबांना माझं वाजवणं पसंत नव्हतं. शेवटीसुद्धा आठवण नाही काढली. म्हणून सोडलं मी." त्याची बायको मंगला चहा घेऊन आली होती, तो तिने तसाच परत आत नेला. जयू उठला. "तुम्ही आता जा," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने मला 'तुम्ही' म्हटलं.

त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

६. सबब, सदर व्हायोलिन गजासह व पेटीसह जयंत फणसे यास देण्यात यावं. "मामा विकून टाकतील," असं रुचिरचं म्हणणं आहे. विकू दे. मात्र त्याला ते नकोच असेल, तर 'ताईची शेवटची इच्छा' म्हणून कोणीही गळ घालू नये. वडिलांची शेवटची इच्छा मी मोडली आहे. माझी पाळा, असं सांगायला मला तोंड नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही: सुमन दिगंबर मुळ्ये

सुमनताईंनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली:
१. केदार वामन आठल्ये
२. अश्विनी सौरभ पित्रे

स्थळ: उज्जैन
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४