डिक्कीतलं खोकं आणि मांडवातलं खोकं

जऊळका,
रविवार, २१ मे १९७८

ती. लिलाबाईस,

धाकट्या जानरावचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या भावजयीने, भागिरथाने, तुझ्यासाठी कुरड्या काढून ठेवल्या आहेत. ऊन असं आहे की दुकानात सोल्डरिंगला वीज लागत नाही, नुसतं खिडकीत ठेवलं की झालं.

मायाचं लग्न सात तारखेला पार पडलं. जावई शेषराव मेडशीचा, एस.टी.त मेकॅनिक, हे तुला ठाऊकच आहे. पत्रिका तुला मिळाली नसेल. टपालाचं आजकाल काही खरं नाही.

लग्नात एक गंमत झाली, ती सांगायलाच हे पत्र.

आपला वाशीमचा सैफुद्दीन टॅक्सीवाला आठवतो ना? त्याच्या भावाने कुवेतहून गाडीत लावायचा टेपरेकॉर्डर आणला. सैफुद्दीनला त्यात छातीत घुमणारी धमक पाहिजे होती. मी बारा इंची स्पीकर घालून लाकडी खोकं केलं आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या डिक्कीत बसवून दिलं. तो गाडी घेऊन घरी दाखवायला आला. माया मागच्या सीटवर बसली, काचा वर केल्या आणि त्याने कव्वाली लावली.

बाई, पोरीचे डोळे एवढे मोठे झाले! पाठ सीटला टेकली आणि बोटं गुडघ्यावर चालू लागली. सैफुद्दीन ओरडला, "जानरावभाऊ, पोरगी तालात हाये! कसम से!" मी टेप बंद केला, बोटं थांबली. सुरू केला, बोटं चालली. तीनदा करून पाहिलं. मग गोठ्यामागे जाऊन मी रडलो. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. अठरा वर्षं मी लग्नाकार्यात भोंगे बांधून पंचक्रोशीला गाणी ऐकवत फिरलो आणि घरच्या पोरीच्या कानात काही पडलं नाही.

तेव्हाच ठरवलं, तिच्या लग्नातली भीमगीतं तिला कळलीच पाहिजेत.

सैफुद्दीनने खोकं आनंदाने काढून दिलं. आदल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मांडवात ठेवलं, माझ्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायर मशीनला जोडलं. धमक गायब! मायाने हात लावून पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. मी आवाज वाढवला. तिची मान तशीच. मी आणखी वाढवला तसा जळका वास आला आणि खोक्यातून धूर निघाला. सैफुद्दीन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माह्या खोक्याचा जनाजाच काहाडला राजेहो तुमी!"

वीस वर्षं या धंद्यात घालवून मी ही चूक केली. गाडी म्हणजे बंद डबी. आतली मूठभर हवा हलवायला छोटा स्पीकर पुरतो. मैदानाला ना भिंती ना काचा, आवाज निघाला की शिवारात पळाला. त्यात तो स्पीकर बॅटरीच्या बेताच्या ताकदीवर चालणारा, आणि मी त्याला मांडवाच्या मशीनला जुंपलं. दोन कपांच्या स्टोव्हवर गावजेवणाचं वरण चढवलं म्हण.

सकाळी सैफुद्दीनच अकोल्याला गेला आणि एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून खरं मैदानी खोकं घेऊन आला. डिक्कीत कुठलं मावतंय ते! टपावर बांधून आणलं, चौघांनी उतरवलं. छातीइतकं उंच, आत पंधरा इंची दोन स्पीकर, मागचं लोहचुंबक चुलीच्या दगडाएवढं. दिवसभर वाजलं तरी तापायचं नाही. सुरू केलं तर रेल्वे फाटकावरचा माणूस सांगत आला की तिथे त्याचा तांब्या वाजून राह्यला.

पण ते खोकं आवाज दूर फेकण्यासाठीच घडवलेलं. माया बसलेली त्याच्या मागे, स्टेजवर. तिने माझ्याकडे पाहून पुन्हा मान हलवली. मी हात टेकले.

विधी झाले. गाणारे उभे राहिले. आणि आपली नवरी पांढरं लुगडं सावरत उठली, स्टेजवरून उतरली आणि सरळ त्या खोक्यावर चढून बसली! मला वाटलं, आता वऱ्हाडी रुसतात. तर शेषराव उठला आणि म्हणाला, "मामा, मले बी जागा हाये का तठी?" आणि बसला तिच्या शेजारी. ढोलकी सुरू झाली तशी मायाची टाच खोक्यावर पडू लागली, अगदी समेवर. आधी लोक हसले, मग तिच्या टाचेवर टाळ्या धरू लागले.

इथपर्यंतच लिहायचं ठरवलं होतं. पण पुढचंही लिहितो.

गाणं चालू असताना माया मागे वळून बायकांत कोणाला तरी शोधत होती. दोन्ही तळवे मांडीवर वाजवायची आणि कुठे आहे असं हाताने विचारायची. ही तिची तुझ्यासाठीची खूण आहे, हे मला माहीत होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं. भागिरथाने सांगितलं, "लिलाबाई ढोलकी वाजवत, तवा पोरगी ढोलकीले गाल लावून बसे. तुमाले कुठं मालूम? तुमी भोंगे बांधाले गेलेले रहात."

बाई, म्हणजे तिला पहिल्यांदा ऐकवलं ते तू.

विजयादशमीला घरी लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा तू म्हणालीस, "बहिऱ्या पोरीच्या लगनात भोंगे कायले रे? कोनासाठी?" मला ते झोंबलं. पोरीला आणि माझ्या धंद्याला तू हिणवलंस असं वाटलं आणि मी म्हणालो, "मंग तू येऊच नको." पाणीही न पिता तू फाट्याकडे चालू लागलीस. तू हिणवत नव्हतीस, विचारत होतीस. आणि खरं उत्तर असं होतं की मी ते भोंगे गावाला दाखवायला बांधणार होतो.

टपालाचा काही दोष नाही. तुझी पत्रिका मी पेटीपर्यंत नेली आणि परत आणली. ती सोबत पाठवत आहे.

मायाने तीनदा शोधलं. मी मशीनमध्ये तोंड खुपसून बसलो. नंतर तिला खुणेने सांगितलं की आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून आली नाही. तिने खरं मानलं.

गुरुवारी ती माहेरी येते आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिच्याजवळ बस. दुपारच्या गाडीला मी फाट्यावर उभा राहतो. तू उतरली नाहीस तर संध्याकाळी पोरीला समोर बसवून काय झालं ते माझ्या हातांनी सांगेन. चुकलो ही खूण तिला तूच शिकवली होतीस, कान धरून. तिच्यापुढे धरीन, मग धनजला तुझ्या घरी येऊन तुझ्यापुढे धरीन.

तुझाच,
जानू