डॉक्टर गप्प बसतात

ती. ताईस पडल्या पडल्या साष्टांग नमस्कार.

तक्रार गंभीर आहे. मनाच्या डॉक्टरांचा कोच आखूड असून माझे पाय बाहेर लोंबकळतात. या शास्त्राने चरणांचा विचारच केलेला नाही. बाकी क्षेम. वेळेवर जेवतो. तुझे गुडघे काय म्हणतात?

डॉक्टर मागे बसून ऐकतात. काल ते बराच वेळ बोललेच नाहीत, तेव्हा मी चक्क त्यांची माफी मागितली.

"मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "घरी असं कोण गप्प बसायचं?"

"आमचे वडील, अण्णा," एवढं म्हणताना मला रडू फुटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बोलता बोलता मी क्षणभर थांबलो, तर तिने हळूच विचारलं, "बाबा, माझं काही चुकलं का?"

ताई, आपण अण्णांना भ्यायचो तशी ती मला भिते. तीच काळजी आहे.

तुझा,
धाकटा