आमरीचा खोडवा

घोडेगाव,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
लंकाचा सा. न. वि. वि.

परवा आम्ही पुण्याहून घरी आलो. दवाखान्यातले दोन महिने एकदाचे संपले. ह्यांचा उजवा हात आता थोडा हलतो, काठी धरून ओसरीपर्यंत चालतात. बोलणं मात्र अजून नाही. सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही; त्यांच्या आवडीच्या गोष्टी समोर ठेवत राहा. तोपर्यंत मी पलंगाच्या दांडीला एक चमचा बांधून दिलाय. ह्यांची एसटीतली तीस वर्षांची कंडक्टरकी कामाला आली. एक टोला म्हणजे थांब, म्हणजे नाही. दोन टोले म्हणजे चला, म्हणजे हो.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्यानं गल्ली गोळा होते, म्हणून हे पत्र. तूही लिहीत जा, मी ह्यांना वाचून दाखवीन. वर्तमानपत्र उघडलं की लगेच एक टोला पडतो. तुझ्या थापा त्यांना पहिल्यापासून आवडतात.

आल्या आल्या त्यांनी ओसरीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. त्यांची आमरी, ते रानातलं ऑर्किड, ओंडक्याला तारेनं बांधून तिथे टांगलेली असते ना. आहुप्याच्या रस्त्यावर वादळात मोडून पडलेल्या फांदीवरून त्यांनी ती आणली, त्याला सतरा वर्षं झाली. दर फाल्गुनात फुलली की गल्लीतल्या माणसांना हाताला धरून आणून दाखवायचे. दवाखान्यात जाताना ती तुझ्या हवाली केलीय असं मी सांगितलं, तेव्हा कुठे बोट खाली गेलं. स्वतःसाठी म्हणून त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितलीय. माझ्या मनात असं आहे, की फुलेपर्यंत ती तुझ्याकडेच राहू दे. फुललेलीच त्यांच्यासमोर ठेवू. कदाचित बोलतील.

वहिनींना नमस्कार. धाकटीवर माया आहे तेवढी राहू दे, म्हणजे झालं.

तुझी,
लंका


पारगाव,
दि. १९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. लंका हीस,
भिमाजीचे अनेक आशीर्वाद. दाजींस नमस्कार.

दाजी, हे खास तुमच्यासाठी. कारखाना सुरू झालाय, आमच्याकडे तोडणी चालू आहे. परवा सकाळी बांधावर कुत्रं बसलेलं दिसलं, म्हणून मी हाड् केलं. ते उठलं तर बिबट्या. तो गुरगुरला म्हणे. मला ऐकूच आलं नाही, म्हणून मी तसाच पुढे चालत गेलो आणि तो बिचारा उसात निघून गेला. आता गावात माझ्या धाडसाची चर्चा आहे. तुझ्या वहिनीनं, साळूनं, तेवढं खरं कारण सगळ्यांना सांगून ठेवलंय.

लंका, आमरीची काळजी करू नकोस. पानं पिवळी पडून गळतायत आणि कांड्या वाळल्यासारख्या दिसतायत. पण एवढा ऊस करणाऱ्या माणसाला कांडीचं पीक शिकवायला नको. मी बघतो काय करायचं ते.

दोघांनी जीव सांभाळा आणि म्हाताऱ्या भावाची आठवण ठेवा.

भिमाजी


घोडेगाव,
दि. १ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बिबट्याचं वाचताना ह्यांचा डावा गाल हलला. हसले रे. मी तेवढंच तीन वेळा वाचलं.

पण पुढे पानांचं आलं आणि चमचा वाजायला लागला. मी एकेक विचारत गेले. पाणी द्यायचं का? एक टोला. खत? एक टोला. मग मला आठवलं, दर थंडीत ते म्हणायचे, गाडी डेपोत लागलीय, आता हिला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा त्यांच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आता तीच बडबड ऐकायला जीव तुटतो. आमरी पानं गाळून झोपते, दादा. त्या वाळक्या कांड्यांवरच फुलं येतात. तेवढ्या कांड्या जप, बाकी काही करू नकोस.

वहिनींना नमस्कार. लोभात उणं पडू देऊ नकोस.

लंका


पारगाव,
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. लंका हीस,
अनेक आशीर्वाद.

सोबतचं लांब पत्र दाजींना वाचून दाखव. ही चिठ्ठी मनात वाच.

तुझं पत्र आलं त्याच्या आठ दिवस आधीच मी कांड्या तोडल्या होत्या. ऊस तुटला की आपण बुडखे जमिनीलगत छाटतो, मग त्यांतूनच नवा ऊस, खोडवा, जोमानं फुटतो. मला वाटलं, आमरीचंही तसंच असणार. अकरा कांड्या होत्या. दहा छाटल्या, तुकडे करून त्यांच्या टिपऱ्या केल्या आणि बेणं वाया जाऊ नये म्हणून उसाच्या सरीत लावून वर पाणीही सोडलं. अकरावी ओंडक्याच्या तारेखाली अडकली होती, तिथे कोयता शिरेना. तेवढ्यात साळू बाहेर आली आणि माझ्या हातातून कोयताच काढून घेतला. म्हणाली, “दाजींची हाय ती. इचारून तरी तोडायची व्हती.”

सरीतल्या टिपऱ्या कुजल्या. आता एकच कांडी उरलीय. मला फार वाईट वाटतंय. आयुष्यात इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

रागव, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

भिमाजी


घोडेगाव,
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी रागावलेय. दोन दिवस पेन हातात धरलं नाही. लहानपणी माझ्या बाहुलीचे केस वाढावेत म्हणून तूच भादरले होतेस, ते आठवलं आणि आणखी राग आला.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. खिळ्याकडे बोट करतात तेव्हा म्हणते, गाडी डेपोत आहे. ते ऐकून दोन टोले देतात आणि शांत बसतात. त्यांचा किती विश्वास आहे ते बघून मलाच अपराध्यासारखं वाटतं.

एका कांडीवर फूल येतं का ते मला माहीत नाही, आणि ह्यांना विचारायची सोय नाही. आता तू फक्त वाट बघ. काहीही न करणं तुला जड जाईल, तरी कर. ओंडक्याची जबाबदारी वहिनींकडे दे.

राग आहे तसा लोभही आहे.

लंका


पारगाव,
दि. १० मार्च २०२५

चि. सौ. लंका हीस,
अनेक आशीर्वाद.

तीन महिने मी आमरीकडे नुसता बघत बसलो. साळूनं ओंडका आंब्याला उंच टांगला आणि स्टूल लपवून ठेवलं. गेल्या आठवड्यात कांडीच्या पेरांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या चार कळ्या दिसल्या. मला आधी कीडच वाटली. साळूनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, “कळ्या हायत.” आज दोन उमलल्यात, पांढऱ्याशुभ्र.

उद्या घेऊन निघतो. मंचरला घोडेगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे देईन, तो दाजींना ओळखतो. मी पुढे येणार नाही. दाजींसमोर उभं राहायची हिंमत नाही. बिबट्याचं वेगळं होतं, तिथे मला ऐकू आलं नव्हतं.

दाजींना काय सांगायचं ते तू ठरव. आमच्यावर कृपा असू दे.

भिमाजी


घोडेगाव,
दि. १७ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ओंडका पोचला. कंडक्टरनं तो मांडीवर धरून आणला, तिकीट मात्र काढलं नाही म्हणाला. चारही फुलं उमललेली होती. मी खिळ्याला अडकवून ह्यांना ओसरीवर बसवलं आणि चहा ठेवायला आत गेले, कारण मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

बाहेर आले तर फुलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. डाव्या हाताच्या बोटानं बुडखे मोजत होते. दहापर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग घसा खाकरला आणि म्हणाले, “कुनी छाटली?”

दादा, सहा महिन्यांनी आवाज ऐकला मी. जड, ओढून काढल्यासारखा, पण त्यांचाच. मी कप तसाच खाली ठेवला आणि रडून घेतलं. त्यांना माझ्या रडण्याची पर्वा नव्हती, त्यांना उत्तर हवं होतं. शेवटी मी तुझं नाव सांगितलं. त्यावर आणखी एक शब्द आला, तो मी इथे लिहीत नाही.

त्याला आज सहा दिवस झाले. रोज दोनचार शब्द येतात आणि त्यांतले निम्मे तुझ्यासाठी असतात. चमचा मी सोडून डब्यात ठेवलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, बोलतं ठेवा. तेव्हा रविवारी वहिनींना घेऊन ये, आणि ह्या वेळी मंचरवरून परत फिरू नकोस. धाकट्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी बाजू घ्यायची म्हणून मी ह्यांना म्हटलं, दादाला हल्ली अजिबात ऐकू येत नाही, तुम्ही बोललेलं त्याला काय कळणार. बराच वेळ शब्द जुळवत बसले. मग म्हणाले, “येऊ दे. मोठ्यानं बोलीन.”

तुझी,
लंका